तीस रुपये आणि साडेबारा वर्षे

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण ज्या कुणी प्रथम उच्चारली त्याच्या हाती भ्रमणध्वनी नव्हता. तरीही आपल्या देशातील दूरसंचार व्यवहाराचे इतके नेमके वर्णन आजवर कुणा अर्थपंडिताला साधलेले नाही. महिनाअखेरीस देयक येते. त्यात भाडे असते, कर असतो आणि मध्येच कुठेतरी एक ओळ असते: मूल्यवर्धित सेवा, तीस रुपये. ही सेवा कोणती, ती कोणी मागितली, कधी मागितली, याचा त्या ओळीत पत्ता नसतो. गृहस्थ चष्मा नाकावर सरसावतो, ती ओळ दोनदा वाचतो, 'जाऊ दे, तीसच तर रुपये आहेत' असे म्हणून देयक भरून टाकतो. हे 'जाऊ दे' हेच या साऱ्या धंद्याचे भांडवल आहे.

गेल्या वीस वर्षांत या ओळीने अनेक रूपे घेतली. कधी ती कॉलरट्यून होती, कधी क्रिकेटचे धावफलक, कधी विनोद, कधी रोजचे राशिभविष्य. दुपारच्या वेळी एक यांत्रिक आवाज दूरध्वनीवर यायचा, गाणे ऐकवायचा आणि ते हवे असल्यास अमुक कळ दाबा म्हणून सांगायचा. ऐकणाऱ्याने फोन बंद करण्याच्या घाईत भलतीच कळ दाबली, की सेवा सुरू. कधी पडद्यावर आपोआप एक चौकट उमटायची. ती घालवण्यासाठी बोट लावले, की सेवा सुरू. आणि पुष्कळांना तर असे काहीच आठवत नाही. ना गाणे, ना कळ, ना चौकट. सुरू झालेली सेवा दर महिन्याला स्वतःहून नूतनीकरण करून घेत असे. घ्यायला एक कळ पुरेशी, सोडायला मात्र अमुक शब्द अमुक क्रमांकावर इंग्रजीत पाठवायचा, अशी ही रचना.

ज्यांना देयक येते ते तरी भाग्यवान म्हणायचे. आपल्या देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक भ्रमणध्वनी जोडण्या प्रीपेड आहेत. भाजीविक्रेता, रिक्षावाला, गावाकडची आजी यांच्याकडे देयक येतच नाही. शिल्लक रक्कम फक्त कमी झालेली दिसते. ज्याला देयकच नाही त्याने कोणत्या ओळीवर बोट ठेवायचे? २०१२ च्या ग्राहक संरक्षण विनियमांनी प्रीपेड ग्राहकालाही आपल्या वापराचा तपशील मागण्याचा अधिकार दिला, त्यासाठी पन्नास रुपयांपेक्षा अधिक शुल्क घेता येणार नाही, असेही सांगितले. हेतू चांगला होता. पण तीस रुपये कुठे गेले हे पाहण्यासाठी पन्नास रुपयांपर्यंत मोजावे लागावेत, यातली विसंगती सरकारी कागदावर कुणाच्या ध्यानात आली नसावी.

रक्कम लहान असते, ती योगायोगाने नव्हे. एकाच ग्राहकाच्या देयकात तीन हजारांची खोटी आकारणी झाली, तर तो पोलीस ठाणे गाठेल, वर्तमानपत्राला पत्र लिहील, वकील करील. तेच तीन हजार शंभर जणांकडून तीस-तीस करून काढले, तर शंभरातले नव्वद जण गप्प बसतात, पाच-सात जण फोनवर त्रागा करतात आणि उरलेल्या दोघा-तिघांना पैसे परत केले, की प्रकरण मिटते. हाच हिशोब लाख ग्राहकांचा केला, तर महिन्याला तीस लाख रुपये होतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण बचतीसाठी आहे, असे आपण मुलांना शिकवतो. तिचा दुसरा उपयोग या धंद्याने शोधून काढला.

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. परगावी असलेल्या मुलीचा फोन घेणे आणि अधूनमधून वाणसामानाची यादी सांगणे, एवढाच त्यांचा भ्रमणध्वनीचा वापर. त्यांच्या देयकात ज्योतिषसेवेचे तीस रुपये लागले. बाईंचा ज्योतिषावर विश्वास नाही, आणि असता तरी तो फोनवरच्या यांत्रिक ज्योतिषावर खासच नसता. त्यांनी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलाने अदबीने सांगितले, "मॅडम, ही सेवा आपणच मागितली आहे, आमच्या संगणकात तशी नोंद आहे." बाईंनी विचारले, "मग ती नोंद मला दाखवा. तारीख, वेळ आणि मी काय दाबले ते." मुलगा गडबडला. या प्रश्नाचे उत्तर त्याच्यासमोरच्या कागदावर लिहिलेले नव्हते. बाईंनी मग पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने स्वच्छ मराठीत पत्र पाठवले: तीस रुपये सोडून उरलेली रक्कम भरली आहे, वादग्रस्त आकारणीचा पुरावा लेखी द्यावा. पुरावा आला नाही. पुढच्या देयकात तीस रुपये वजा झाले आणि सोबत एक ओळ आली, की कंपनीने ही रक्कम 'सद्भावनेपोटी' परत केली आहे.

सद्भावना हा शब्द इथे नीट पाहण्यासारखा आहे. पैसे चुकीने घेतले असे म्हटले, तर चूक किती जणांच्या बाबतीत झाली, असा प्रश्न निघतो. ती सेवा पुरवणारा कोण, त्याच्याशी वाटणी किती, हे विचारावे लागते. सद्भावना म्हटले, की सारे प्रश्न संपतात. घेतलेले परत करतानाही दान दिल्याचा आव आणता येतो आणि जो भांडला नाही त्याचे तीस रुपये जिथल्या तिथे राहतात. बाईंना पैसे मिळाले, उत्तर मिळाले नाही. त्यांना उत्तर हवे होते.

नियामकाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण 'ट्राय' म्हणून ओळखतो त्याने, जुलै २०११ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१३ मध्ये निर्देश काढले. सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी, पहिल्या संमतीनंतर दुसरी स्वतंत्रपणे घ्यावी, ती आली नाही तर सेवा सुरू करू नये, असे त्यांचे सार होते. नको असलेली सेवा बंद करण्यासाठी देशभर १५५२२३ हा एकच विनाशुल्क क्रमांक ठरला. या निर्देशांनी अनेक ग्राहकांचा त्रास कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. पण दोन संमतींच्या नोंदी शेवटी कुणाच्या संगणकात राहतात? ज्याच्या खिशात पैसे जातात त्याच्याच. आणि ग्राहकाने नकार दिला, तर त्या नोंदीची प्रत आपणहून त्याच्या हाती द्यावी, अशी सवय कंपन्यांना कुणी लावली नाही.

खरा घोळ त्याच्या पुढचा आहे आणि तो कायद्याचा आहे. तीस रुपयांसाठी न्याय मागायचा तर कुठे? ट्रायकडे गेले, तर वैयक्तिक तक्रारी हाताळणे हे आमचे काम नव्हे, असे उत्तर मिळते. ते कायद्याला धरूनच आहे. २००० साली दूरसंचार तंटा निवारण आणि अपील न्यायाधिकरण स्थापन झाले, पण ग्राहक न्यायालयात चालू शकणारी एकट्या ग्राहकाची तक्रार या न्यायाधिकरणाकडे येणार नाही, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी बोट दाखवले ते ग्राहक न्यायालयाकडे. आणि ते दार १ सप्टेंबर २००९ रोजी बंद झाले.

त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील कोझिकोडच्या एका जुन्या दूरध्वनी वादाचा निकाल दिला. देयक न भरल्यामुळे जोडणी तोडलेल्या ग्राहकाला जिल्हा ग्राहक मंचाने जोडणी परत देण्याचा आणि पाच हजार रुपये भरपाईचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम ७ ब नुसार असा वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडेच जायला हवा. विशेष कायद्यात विशेष मार्ग असताना सर्वसाधारण कायद्याखालचा ग्राहक मंच त्यात पडू शकत नाही. १८८५ चा कायदा हा तारायंत्राच्या काळातला, राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतला. त्यात दूरध्वनी खाते म्हणजे सरकार, आणि लवाद नेमणारेही सरकार. त्या लवादाचा निर्णय अंतिम, त्यावर कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही, अशीही तरतूद.

निकाल सरकारी दूरध्वनीबाबत होता. पण खासगी कंपन्यांच्या वकिलांनी तो ढालीसारखा उचलला. ग्राहक मंचात तक्रार दाखल झाली, की पहिल्याच तारखेला हा निकाल पुढे ठेवायचा आणि मंचाला अधिकारच नाही म्हणायचे. अनेक मंचांनी तक्रारी परत केल्या. तीस रुपयांच्या, तीनशे रुपयांच्या वादासाठी केंद्र सरकारकडून लवाद नेमून घेणारा ग्राहक कुणाला भेटला असेल, तर त्याचा सत्कार करायला हवा. जानेवारी २०१४ मध्ये दूरसंचार विभागाने ग्राहक व्यवहार विभागाला लेखी कळवले, की खासगी कंपन्यांना टेलिग्राफ प्राधिकरणाचे अधिकार नाहीत, म्हणून त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ग्राहक मंच ऐकू शकतात. तरीही आक्षेप थांबले नाहीत, कारण पत्र हे पत्रच असते आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हा निकाल असतो.

या काळात अहमदाबादच्या एका ग्राहकाचे प्रकरण उभे राहिले. त्याचे सरासरी मासिक देयक ५५५ रुपयांचे. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्यासाठी त्याला २४,६०९ रुपये ५१ पैशांचे देयक आले. तो ग्राहक मंचाकडे गेला, २२ हजार रुपयांची भरपाई व्याजासह मागितली. कंपनीचे म्हणणे तेच: मंचाला अधिकार नाही. वाद जिल्हा मंचातून राष्ट्रीय आयोगापर्यंत चढला. तिथेही कंपनीची बाजू टिकली नाही, तेव्हा कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या पीठाने निर्णय दिला. ग्राहक संरक्षण कायद्याखालचा उपाय हा इतर कायद्यांतील उपायांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. १९८६ च्या कायद्यातील 'सेवा' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे आणि २०१९ च्या कायद्यात दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख झाला म्हणून ती आधी नव्हती असा अर्थ होत नाही. ग्राहकाला लवादाचा मार्ग खुला आहे, पण तोच घ्यावा अशी सक्ती नाही.

निर्णय उत्तम आहे. पण त्याचा काळ मोजा. २००९ चा सप्टेंबर ते २०२२ चा फेब्रुवारी, साडेबारा वर्षे होतात. आणि अहमदाबादच्या ग्राहकाचे देयक बरोबर होते की चूक, हा प्रश्न त्या दिवशीही सुटलेला नव्हता. आठ वर्षांहून अधिक काळ वाद चालला तो कोणत्या दारातून आत जायचे एवढ्यावरच. चोवीस हजारांसाठी हा ग्राहक टिकून राहिला, तीस रुपयांसाठी कोण राहणार? देशात भ्रमणध्वनी सर्वाधिक वेगाने पसरला, गावोगाव पोहोचला, तो बराचसा याच साडेबारा वर्षांत. नेमक्या त्याच काळात ग्राहकाला निश्चित असे दार नव्हते.

हा रोग आपल्याच मातीत उगवला असे मात्र नाही. जिथे कायदे कडक आणि ग्राहक जागरूक समजले जातात त्या अमेरिकेतही बड्या कंपन्यांच्या देयकांत परक्या सेवांची आकारणी घुसवली जात होती. महिन्याला ९ डॉलर ९९ सेंट. बदल्यात राशिभविष्य, प्रणयाच्या युक्त्या, नटनट्यांच्या कुटाळक्या. राशिभविष्याला सातासमुद्रापारही मागणी दिसते! तेथील संघराज्य व्यापार आयोगाने आरोप केला, की न मागितलेल्या या आकारणीतला पस्तीस टक्के आणि त्याहून अधिक वाटा दूरध्वनी कंपनी स्वतःकडे ठेवत होती. २०१४ मध्ये टी-मोबाइलने किमान ९ कोटी डॉलरची आणि एटी अँड टीने १० कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. २०१५ मध्ये व्हेरायझन आणि स्प्रिंट यांनी मिळून १५ कोटी ८० लाख डॉलरची. यातला मोठा भाग ग्राहकांना परत करण्यासाठी होता. तिथे ग्राहकाला एकेकट्याने भांडत बसावे लागले नाही. सरकारी यंत्रणांनी साऱ्या ग्राहकांचा हिशोब एकदम मांडला, आणि मग तीस-चाळीस डॉलरच्या तक्रारींचा आकडा कोटींत गेला.

आपल्याकडेही हे घडू शकते, त्याची सामग्री कायद्यात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार समान हितसंबंध असलेल्या असंख्य ग्राहकांच्या वतीने एक किंवा काही ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करू शकतात. ग्राहक संघटनाही करू शकतात. जुन्या कायद्यातही ही सोय होती, पण ती फारशी कुणी वापरली नाही. याच कायद्याखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. ग्राहकवर्गाच्या हितासाठी स्वतःहून चौकशी करणे हे त्याचे कामच आहे. न मागितलेल्या सेवांच्या आकारणीचा छडा लावायला याहून योग्य यंत्रणा कोणती? एका ग्राहकाला 'सद्भावनेने' पैसे परत करणाऱ्या कंपनीला त्या महिन्यात त्याच सेवेपोटी किती जणांकडून पैसे घेतले, त्यातल्या किती जणांच्या दोन्ही संमती उपलब्ध आहेत, एवढे दोनच आकडे विचारावेत.

महाराष्ट्राला हे नवे वाटू नये. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ च्या डिसेंबरात झाला. त्याच्या बारा वर्षे आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली होती. टंचाई आणि भेसळीच्या त्या दिवसांत ग्राहकांनी एकत्र येऊन माल घेतला, वाटला, व्यापाऱ्याला जाब विचारला. तेव्हा वजनकाट्यातले पारडे डोळ्यांना दिसत होते. आजचा काटा संगणकात आहे आणि तो फक्त विकणाराच पाहू शकतो. म्हणून संघटनेची गरज कमी झालेली नाही, वाढली आहे. मोहल्ल्यातल्या पन्नास घरांची देयके एका टेबलावर पसरून बसण्याचे काम एखाद्या कार्यकर्त्याने केले, तर पुष्कळ काही बाहेर येईल.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक तक्रार खरी असतेच असे नाही. शाळकरी नातवाने आजोबांच्या फोनवर खेळ विकत घेतला आणि आजोबांनी कंपनीला लुटारू ठरवले, असेही होते. तिथे कंपनीने नोंद दाखवावी आणि आजोबांनी पैसे भरावेत, नातवाचे काय करायचे ते घरात ठरवावे. पण दाखवण्याची जबाबदारी कुणाची, यावर तडजोड नको. मी मागितले नाही, हे ग्राहक सिद्ध कसे करणार? न घडलेल्या गोष्टीचा पुरावा ब्रह्मदेवालाही देता येत नाही. मागितले, असे जो म्हणतो त्याने ते दाखवावे. किराणा दुकानदार उधारीच्या वहीत आपल्या नावावर परस्पर साखर लिहू लागला, तर आपण वही मागतो. ती दाखवायला तो नकार देत असेल, तर दुकान बदलतो.

म्हणून ज्याच्या देयकात अशी ओळ दिसेल त्याने आपल्या शिक्षिकाबाईंचा कित्ता गिरवावा. वादग्रस्त रक्कम सोडून उरलेले पैसे वेळेवर भरावेत, म्हणजे थकबाकीदार ठरवून जोडणी तोडण्याचे निमित्त मिळत नाही. तक्रार नोंदवताना तक्रार क्रमांक मागून घ्यावा. तो देणे २०१२ च्या विनियमांनी कंपनीवर बंधनकारक केले आहे. उत्तराने समाधान झाले नाही, तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, त्याला शुल्क नाही आणि निर्णय एकोणचाळीस दिवसांत द्यावा लागतो. तिथेही निराशा झाली, तर आता जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. सल्ला हवा असल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तक्रारींसाठी ऑनलाइन यंत्रणा सांगताना ग्राहक संरक्षण कायद्याखालचा हक्क अबाधित ठेवला आहे, ही समाधानाची बाब.

वेळेचे भान मात्र ठेवावे लागेल. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. दूरध्वनी संभाषणांच्या नोंदी कंपन्यांनी पूर्वी एक वर्ष जपाव्यात अशी अट होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये दोन वर्षांवर नेण्यात आली. वाद उद्भवताच नोंदी राखून ठेवाव्यात, अशी लेखी मागणी पहिल्याच पत्रात केलेली बरी. नाहीतर दोन वर्षांनी 'आता नोंद उपलब्ध नाही' हे उत्तर तयारच असते.

आणि एक दुरुस्ती शासनाने करायला हवी, ती छोटी आहे. कंपनीच्या अपील अधिकाऱ्याला सल्ला देण्यासाठी दोघांची समिती असते. एक सभासद ग्राहक संघटनेचा, एक कंपनीचा. पण समिती फक्त सल्ला देते. निर्णय अपील अधिकाऱ्याचा असतो, त्याला नेमते कंपनी आणि त्याचे वेतन निघते ते तुमच्या-आमच्या देयकांतूनच.